अमेरिकेत बारावीतलं मूल: आधी पैशांचा हिशोब, मग कॉलेजांची यादी

एडिसन असो, फ्रीमाँट असो की ऑस्टिन, मराठी घरांत कॉलेजचा विषय निघतो तो नावांनी: प्रिन्स्टन, बर्कली, जॉर्जिया टेक, नाहीच जमलं तर घराजवळची स्टेट युनिव्हर्सिटी. यादी होते, एसे लिहून होतात आणि पैशांचं बोलणं होतं थेट मार्चमध्ये, कॉलेजांची पत्रं आल्यावर. कुठे अर्ज करायचा, अर्ली डिसिजनला, म्हणजे बंधनकारक लवकरच्या अर्जाला, सही करायची का, मदतीचे कोणते फॉर्म भरायचे, हे खर्च ठरवणारे निर्णय तोवर होऊन गेलेले असतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

आई-वडील भारतात शिकलेले असले तर डोक्यात कॅप राउंड आणि कटऑफ असतो. इथे कटऑफ लागत नाही, आणि एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांची फी एक नसते. वेबसाइटवर छापलेला आकडा हा फक्त कमाल दर. तुमचा दर तुमचं उत्पन्न, मालमत्ता, राज्य आणि मुलाचा इमिग्रेशन स्टेटस यांवर ठरतो.

खालची वर्षं ऑगस्ट २०२७ मध्ये कॉलेज सुरू करणाऱ्या, म्हणजे २०२६-२७ मध्ये बारावीत असणाऱ्या मुलांसाठी धरली आहेत. मूल एक वर्ष मागे असेल तर प्रत्येक तारीख एक वर्ष पुढे सरकवा.

१. मुलाचा स्टेटस कोणता?

आई-वडिलांचा नव्हे, मुलाचा. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो.

मूल अमेरिकी नागरिक असेल आणि तुम्ही दोघं एच-१बी वर असाल, तरी मुलाला फेडरल मदतीचा पूर्ण हक्क आहे. 'आमचं ग्रीन कार्ड झालेलं नाही, मग फाफ्सा कशाला' असं म्हणून हा फेडरल मदतीचा फॉर्म न भरणारी घरं आहेत. ती हातचं घालवतात. ग्रीन कार्डधारक मुलालाही तोच हक्क आहे. फॉर्मवर त्याने 'पात्र अनागरिक' हा पर्याय निवडायचा आणि ग्रीन कार्डावरचा ए-नंबर टाकायचा.

मूल एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर फेडरल मदत नाही. आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) प्रलंबित असेल आणि त्यावर ईएडी (कामाचा परवाना) मिळालं असेल, तरीही नाही. अशा वेळी 'बघू तरी काय होतं' म्हणून नागरिक असल्याच्या चौकटीत खूण करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात अत्यंत गंभीर मानला जातो आणि त्याने ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. अर्ज मुलाने भरलेला असतो आणि परिणाम दहा वर्षांनी समोर येतो.

एच-४ मुलांसाठी दोन दरवाजे उरतात. पहिला इन-स्टेट ट्यूशनचा. अनेक राज्यांत एच-४ वरच्या मुलाला रहिवासी दर मिळू शकतो, पण नियम राज्यागणिक बदलतात आणि निर्णय ॲडमिशन ऑफिस नव्हे, रेसिडेन्सी ऑफिस देतं. दुसरा कॉलेजच्या स्वतःच्या पैशांचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही कॉलेजं प्रवेश देताना कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याची आर्थिक गरज आड येऊ देत नाहीत आणि गरज पूर्ण भागवतात. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी नागरिकाने मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजला सप्टेंबरमध्येच चार प्रश्नांची ईमेल टाका: एच-४ विद्यार्थ्याचा अर्ज कोणत्या गटात वाचला जातो? मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो का? मेरिट स्कॉलरशिप मिळते का? मदतीसाठी कोणता फॉर्म? उत्तरं लेखी ठेवा. फोनवर ऐकलेलं एप्रिलमध्ये कोणी मानत नाही.

एच-४ वर शिकता येतं, पण एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच. त्याआधी ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसाकडे जावं लागतं. एफ-१ झालं की बऱ्याच राज्यांत इन-स्टेट दर जाऊ शकतो. उलट इंटर्नशिप आणि नोकरीची परवानगी एफ-१ वरच मिळते. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर हा बदल वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

२. नेट प्राइस कॅल्क्युलेटर: एक शनिवार-रविवार

तुमच्या घराला प्रत्यक्ष किती खर्च पडेल याचा अंदाज देणारा हा कॅल्क्युलेटर आपल्या वेबसाइटवर ठेवणं फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला), बँकेतली शिल्लक आणि घराच्या कर्जाचं स्टेटमेंट घेऊन बसा. एका कॉलेजला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आलेला आकडा एका तक्त्यात लिहा: कॉलेज, छापील खर्च, अंदाजे अनुदान, आपल्या खिशातून जाणारी रक्कम. कॅल्क्युलेटरने पाचच प्रश्न विचारले तर त्या उत्तरावर फार विसंबू नका. घरातला स्वतःचा हिस्सा, भारतातली मालमत्ता, धंदा यांबद्दल विचारणारा कॅल्क्युलेटर जास्त भरवशाचा.

एच-४ मुलांना यातून फारसं कळणार नाही, कारण हा हिशोब नागरिक आणि ग्रीन कार्डधारक धरून केलेला असतो. स्वतःचा धंदा असेल किंवा आई-वडील विभक्त असतील तरी आकडा बराच हलतो.

'आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला काही मिळणार नाही' हे गृहीत धरू नका. हार्वर्ड आणि एमआयटी २०२५-२६ पासून २,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या घरांकडून ट्यूशन घेत नाहीत. प्रिन्स्टनने ही मर्यादा २,५०,००० पर्यंत नेली आहे. दोघांच्या मिळून पगारावर चालणारी कितीतरी मराठी घरं या रेषेच्या आत येतात. खरी अडचण होते ती मधल्या फळीतल्या महागड्या खासगी कॉलेजांत. त्यांच्याकडे इतका पैसा नसतो, आणि दीड-दोन लाख कमावणाऱ्या घराला जवळजवळ छापील किंमत पडते. तिथे मेरिट स्कॉलरशिप मिळाली तरच मेळ बसतो.

राज्याच्या योजनाही याच वेळी पाहा. न्यूयॉर्कमध्ये १,२५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर एक्सेलसिअर स्कॉलरशिपमुळे सुनी आणि क्युनी या सरकारी विद्यापीठांची ट्यूशन माफ होऊ शकते. जॉर्जियात होप स्कॉलरशिपला ३.०, तर झेल मिलरला ३.७ जीपीए लागतो. हा जीपीए राज्य स्वतःच्या पद्धतीने, फक्त मुख्य विषयांवरून काढतं, त्यामुळे शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवरच्या आकड्यापेक्षा तो वेगळा निघतो. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलाला एनजे स्टार्समधून आपल्या काउंटी कॉलेजची ट्यूशन मोफत मिळू शकते. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. दोन वर्षं तिथे काढून स्टेट युनिव्हर्सिटीत गेलेल्या मुलाच्या हातात पदवी मात्र त्या युनिव्हर्सिटीचीच असते.

३. यादी

आठ ते बारा कॉलेजं पुरेशी आहेत. वीसच्या पुढे गेलेल्या यादीत प्रत्येक कॉलेजचे वेगळे पुरवणी निबंध घाईत लिहिले जातात, आणि घाई वाचणाऱ्याला दिसते.

किमान दोन कॉलेजं अशी हवीत जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे आणि एक पैसाही मदत न मिळाली तरी खर्च झेपतो. फक्त प्रवेश सोपा असणं पुरेसं नाही. राज्याबाहेरची सोपी युनिव्हर्सिटी वर्षाला ५५,००० डॉलर घेत असेल तर ती सेफ्टी, म्हणजे हमखास पर्याय, नव्हे. त्याऐवजी जीपीए आणि सॅटच्या स्कोअरवर आपोआप मेरिट देणारी कॉलेजं पाहा. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा यासाठी प्रसिद्ध आहे. तक्ता वेबसाइटवरच असतो, अंदाज बांधावा लागत नाही.

कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर कॉलेजइतकंच मेजरही (मुख्य विषय) तपासा. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन आणि सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या मेजरमधून आत शिरून नंतर कॉम्प्युटर सायन्सकडे वळण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. 'आधी आत तर जाऊ दे, मग बदलता येईल' हा आपला लाडका सल्ला तिथे चालत नाही.

अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन यांत नेहमी गल्लत होते. अर्ली ॲक्शन म्हणजे लवकर अर्ज, लवकर उत्तर, कसलंही बंधन नाही. जमेल तिथे कराच. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं: विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांची सही, एकच कॉलेज, प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे. मदत खरोखर अपुरी असेल तर सुटका मागता येते, पण दोन कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून तुलना करायची संधी जाते. नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा आकडा पाहून घरात सगळ्यांनी 'हो, एवढे देऊ' म्हटलं नसेल, तर अर्ली डिसिजनला सही करू नका.

४. अर्ज

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं आणि त्यात २० कॉलेजं जोडता येतात. अर्लीच्या तारखा बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. इलिनॉय आणि पर्ड्यूची अर्ली १ नोव्हेंबर. जॉर्जियात राहणाऱ्यांसाठी जॉर्जिया टेकची आणखी आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर. रेग्युलर डिसिजन जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा (यूसी) अर्ज कॉमन ॲपवर नाही, तो वेगळा. तो १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतला जातो, आणि त्यात आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तर द्यायचं असतं. शेवटच्या रात्री सर्व्हर मंदावतो, म्हणून एक आठवडा आधीची तारीख हीच आपली डेडलाइन समजा.

सॅटबद्दल थोडक्यात: यूसी आणि कॅल स्टेट स्कोअर बघत नाहीत, एमआयटी, कॅलटेक, स्टॅनफर्ड, हार्वर्ड मागतात, कितीतरी कॉलेजांत तो ऐच्छिक आहे. १ नोव्हेंबरच्या अर्जासाठी ऑक्टोबरच्या परीक्षेवर थांबू नका. ऑगस्टची परीक्षा शेवटची समजून चाला.

शिफारसपत्रं दोन शिक्षकांची आणि एक काउन्सेलरचं. विचारायची वेळ अकरावीच्या मे महिन्यात. सप्टेंबरमध्ये लोकप्रिय शिक्षकांची रांग लागते. मुलाने शिक्षकांना एक पानभर टिपण द्यावं: त्यांच्या वर्गात काय केलं, कोणता प्रोजेक्ट, कुठे अडकला आणि कसा सुटला. मोठ्या सरकारी शाळेत एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. काउन्सेलरने पालकांकडून माहितीचा फॉर्म भरून मागितला असेल तर 'छान मुलगा आहे' एवढ्यावर भागवू नका, प्रसंग लिहा. कॉमन ॲपवर पत्रं वाचण्याचा हक्क सोडायचा का, हा प्रश्न येतो. हक्क सोडावा, न सोडल्यास पत्राचं वजन कमी होतं.

ॲक्टिव्हिटीजच्या दहा जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. इथे आपली मुलं स्वतःचं नुकसान करून घेतात. मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी शिकवणं, गणेशोत्सवात ढोल-ताशा पथक बसवणं, नाट्यस्पर्धेचं नेपथ्य करणं हे 'घरचं' म्हणून गाळलं जातं आणि दोनदा हजेरी लावलेला क्लब वर जातो. उलट करा. आणि लिहिताना 'मराठी संस्कृतीचा प्रसार' असं ढोबळ लिहू नका. किती मुलं, कोणत्या वयाची, आठवड्याला किती तास, मुलाने स्वतः काय नवं सुरू केलं, हे लिहा. आजीला डायलिसिसला नेणं, आई कामावर असताना धाकट्या भावाला सांभाळणं, आई-वडिलांसाठी सरकारी पत्रं वाचून दाखवणं यांनाही तिथे 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' म्हणून जागा आहे. ते तास खरे आहेत, लिहा.

मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. 'आई-वडील दोन बॅगा घेऊन अमेरिकेत आले' ही गोष्ट वाईट नाही, पण ती आई-वडिलांची आहे. वाचणाऱ्याला मूल कळायला हवं. पालकांनी निबंध वाचावा, शुद्धलेखन दाखवावं, वाक्यं लिहू नयेत. पंचेचाळिशीतल्या इंजिनिअरचा आवाज सतरा वर्षांच्या मुलीच्या निबंधात लगेच ओळखू येतो.

मूल नववी-दहावीत भारतातून आलं असेल तर तिथल्या शाळेच्या गुणपत्रिका उन्हाळ्यातच मागवून ठेवा. नववीपासूनची सगळी वर्षं ट्रान्स्क्रिप्टमध्ये धरली जातात, आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात फोन कोणी उचलत नाही. राज्य मंडळाचे टक्के स्वतः चारच्या जीपीएत बदलू नका. मूळ गुण जसेच्या तसे द्या.

५. फाफ्सा

हा फेडरल मदतीचा फॉर्म, भरायला फुकट, आणि तो फक्त स्टुडंटएड डॉट गव्ह वर भरायचा. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. २०२७-२८ चा फॉर्म कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उघडायला हवा. त्यात टॅक्स रिटर्न जातो २०२५ चा, म्हणजे दोन वर्षं मागचा.

ऑगस्टमध्ये मुलाचं आणि एका पालकाचं खातं उघडून ठेवा. खाती वेगळी, ईमेल वेगळे, फोन नंबरही वेगळे. एकाच ईमेलवर दोघांची खाती उघडण्याचा प्रयत्न ही पहिली नेहमीची चूक. आई-वडिलांनी टॅक्स एकत्र भरला असेल तर एकाच पालकाची सही पुरते. वेगवेगळा भरला असेल तर दोघांची लागते. घटस्फोट झाला असेल तर गेल्या बारा महिन्यांत ज्याने जास्त आर्थिक भार उचलला तो पालक फॉर्मवर येतो, मूल कोणाकडे राहतं यावर ते ठरत नाही. पालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, जसा एच-४ वरच्या कित्येक आयांकडे नसतो, तरी खातं उघडता येतं. फक्त ओळख पटवायला कागदपत्रं द्यावी लागू शकतात, म्हणून ते ऑक्टोबरवर ढकलू नका.

आता नाव. फॉर्मवरचं नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटी कार्डाशी तंतोतंत जुळावी लागते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं. कार्ड माहेरच्या नावाचं असेल आणि खातं सासरच्या नावाने उघडलं, तर ओळख पटत नाही आणि फॉर्म अडकतो. आधी कार्ड कपाटातून बाहेर काढा, मग टाइप करा. कार्डच चुकीचं असेल तर सोशल सिक्युरिटी ऑफिसात दुरुस्ती उन्हाळ्यात करून घ्या.

फॉर्म मुलाच्या खात्यातून सुरू करायचा. मूल पालकाला ईमेलने आमंत्रण पाठवतं. पालक आपल्या खात्यातून आपला भाग भरतो. प्रत्यक्षात बाबाच मुलाच्या खात्यात शिरून सगळं भरतात, आणि त्यांचा पगार मुलाच्या उत्पन्नाच्या रकान्यात जातो. मुलाच्या उत्पन्नावर हिशोब फार कडक असतो, त्यामुळे मदत शून्यावर येते. आयआरएसकडून (टॅक्स खातं) माहिती घेण्याची संमती मुलाने आणि पालकाने दोघांनीही द्यायलाच हवी, टॅक्स भरला नसला तरी. संमती नाही तर फेडरल मदत नाही. शेवटी दोघांच्या सह्या झाल्या आणि फॉर्मची स्थिती 'पाठवला' अशी दिसते का, हे दोन दिवसांनी पुन्हा पाहा. एका सहीवाचून 'चालू आहे' या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले फॉर्म फार असतात.

मालमत्तेचे आकडे फॉर्म पाठवायच्या दिवसाचे. राहतं घर मोजत नाहीत, ४०१(के) आणि आयआरए ही निवृत्तीची खाती मोजत नाहीत. बँकेतली शिल्लक, शेअर, ५२९ (शिक्षणासाठीच्या बचतीचं) खातं मोजतात. आणि भारतातलं? एनआरई-एनआरओ मुदत ठेवी मोजायच्या. पुण्यातला भाड्याने दिलेला किंवा बंद फ्लॅट मोजायचा, त्यावरचं कर्ज वजा करून, त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये. भावाबरोबर भागीत असेल तर फक्त आपला हिस्सा. गावची शेती तुमच्या नावे सातबाऱ्यावर असेल तर मोजायची. कुटुंबाच्या शेतीला सवलत आहे, पण ती जिथे कुटुंब राहतं त्या शेतीला. आजोबांच्या नावावर असलेली जमीन तुमची नाही, उद्या येणार असली तरी.

हे लपवावंसं वाटतं, म्हणून आकडाच पाहा. पालकांच्या मालमत्तेवर हिशोब जास्तीत जास्त ५.६४ टक्के लागतो. एक कोटीचा कर्जमुक्त फ्लॅट, डॉलर ९० रुपये धरला, तर सुमारे १,११,००० डॉलर. त्याने वर्षाचा अपेक्षित वाटा फार तर ६,३०० डॉलरने वाढतो. एवढ्यासाठी फेडरल फॉर्मवर खोटं लिहिण्यात अर्थ नाही. शिवाय एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्र असतं, म्हणजे ते टॅक्स रिटर्नमध्ये आधीच दिसायला हवं. मुलाच्या नावावरचे पैसे मात्र २० टक्क्यांनी मोजले जातात. आजीने मुलाच्या नावे टाकलेली रक्कम पालकांच्या नावावरच्या ५२९ खात्यात असती तर याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडीच जास्त मोजली गेली असती.

घरातली माणसं मोजताना भारतात राहणारे आई-वडील धरू नका, त्यांना दरमहा पैसे पाठवत असलात तरी. ते तुमच्या घरात राहत असतील आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तरच धरा.

फॉर्मचं उत्तर म्हणजे स्टुडंट एड इंडेक्स, उणे १,५०० पासून वर जाणारा आकडा. तो जितका कमी तितकी मदत जास्त. कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची फेडरल पेल ग्रँट २०२६-२७ साठी कमाल ७,३९५ डॉलर. दुसरं मूलही कॉलेजात असेल तर पूर्वी आकडा निम्म्यावर यायचा. २०२४-२५ पासून फेडरल हिशोबात तसं होत नाही. जुळ्यांच्या पालकांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. उत्पन्न भरपूर असलं तरी फॉर्म भरा, कारण फेडरल कर्ज त्याशिवाय मिळत नाही: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या ६,५००, पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत. काही कॉलेजं मेरिटसाठीही फाफ्सा मागतात. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीची तारीख बहुधा २ मार्च. राज्याची तारीख फेडरल तारखेच्या खूप आधी असते, हे विसरलं जातं.

६. सीएसएस प्रोफाइल

दोनशेच्या आसपास कॉलेजं, बहुतेक खासगी, स्वतःचे पैसे वाटण्याआधी हा फॉर्मही मागतात. १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. पाच कॉलेजांना ८९. उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल तर माफ. अर्ली अर्जासाठी तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते, म्हणजे निबंधांच्या ऐन धांदलीत. त्यामुळे हा फॉर्म पालकांनी आपल्या अंगावर घ्यावा.

फाफ्सापेक्षा हा खोलात जातो: राहत्या घरातला तुमचा हिस्सा, धंदा, परदेशातली मालमत्ता, विभक्त असलेल्या दुसऱ्या पालकाचं उत्पन्न. पण तो दुसऱ्या बाजूनेही ऐकून घेतो. भावंड कॉलेजात असल्याचा विचार बरीच कॉलेजं करतात, आणि विशेष परिस्थितीसाठी मोकळी जागा असते. भारतातल्या आई-वडिलांच्या औषधपाण्याचा, बायपासचा, केअरटेकरचा खर्च तिथे लिहा: दरमहा किती, किती महिने, कशासाठी, बँकेच्या रेमिटन्सच्या पावत्यांसह. 'कौटुंबिक जबाबदाऱ्या आहेत' एवढ्याने काही होत नाही. एच-४ मुलांसाठीही बऱ्याच ठिकाणी हाच फॉर्म असतो.

नंतर कॉलेजचं पोर्टल आठवड्यातून एकदा तरी उघडायचं. मदतीच्या ऑफिसने मागितलेला एक कागद राहिला की फाइल पुढे सरकत नाही, आणि ईमेल मुलाच्या न वाचलेल्या दोन हजार ईमेलमध्ये असते.

७. पत्रं आल्यावर

निकाल एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, उत्तर १ मेपर्यंत. मधल्या महिन्यात मदतीची पत्रं नीट वाचायची असतात, आणि ती मुद्दाम लिहिल्यासारखी अवघड असतात. अमेरिकी संसदेची लेखातपासणी संस्था जीएओने २०२२ मध्ये पाहिलं तेव्हा ९१ टक्के कॉलेजं खरी निव्वळ किंमत एक तर देत नव्हती किंवा कमी दाखवत होती.

समजा पत्रात आहे: एकूण खर्च ८२,०००, ग्रँट ३८,०००, विद्यार्थी कर्ज ५,५००, पॅरेंट प्लस कर्ज २०,०००, वर्क-स्टडी ३,०००, 'तुम्ही द्यायचे' १५,५००. यातली मदत फक्त ३८,०००. किंमत ४४,००० आहे, चार वर्षांची १,७६,०००, आणि दरवर्षीची वाढ वेगळी. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने काम केल्यावर मिळणारा पगार. तो सप्टेंबरच्या बिलातून वजा होत नाही. पॅरेंट प्लस म्हणजे पालकांच्या नावावरचं फेडरल कर्ज; त्यावर जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आहे. पहिली तीन वर्षं पूर्ण रक्कम उचलली तर चौथ्या वर्षाला ५,००० उरतात, आणि उरलेल्यासाठी खासगी कर्जाच्या दारात उभं राहावं लागतं.

मेरिट असेल तर ती किती वर्षांची आणि कोणत्या जीपीएवर टिकते ते पाहा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ३.५ टिकवणं सोपं नाही. बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज आपली ग्रँट तेवढीच कापतं का, हेही विचारा.

परिस्थिती बदलली असेल तर अपील करा. फॉर्मवर २०२५ चं उत्पन्न आहे; २०२६ मध्ये लेऑफ झाला असेल तर कॉलेजच्या मदत ऑफिसला ते आपणहून कळणार नाही. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, सेव्हरन्सचा आकडा आणि चालू वर्षाचा अंदाज, एका पानाच्या पत्रासोबत पाठवा. दुसऱ्या तोडीच्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्रही जोडता येतं. सूर विनंतीचा ठेवा. घासाघीस केली तर ऑफिसातला माणूस आखडतो. अपील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलं तर १ मेआधी उत्तराची आशा.

८. १ मेनंतर

डिपॉझिट एकाच कॉलेजला भरा आणि बाकीच्यांना नकार कळवा. शाळेकडून अंतिम ट्रान्स्क्रिप्ट पाठवायला सांगा. शेवटच्या सेमिस्टरला गुण कोसळले तर दिलेला प्रवेश काढून घेतल्याची उदाहरणं आहेत. फेडरल कर्ज घ्यायचं असेल तर मुलाने ऑनलाइन समुपदेशन पूर्ण करून प्रॉमिसरी नोटवर सही करायची, नाहीतर पैसे येत नाहीत. लसीकरणाच्या नोंदी भारतातल्या असतील तर डॉक्टरांकडून कॉलेजच्या फॉर्मवर उतरवून घ्या. कॉलेजचा आरोग्य विमा बिलात आपोआप लागतो. तुमच्या विम्यात मूल असेल तर दिलेल्या तारखेच्या आत माफीचा अर्ज करा, नाहीतर दोन-चार हजार डॉलर उगाच जातात.

आणि कॉलेज सुरू झाल्यावर फीचं बिल मुलाच्या खात्यात येतं, तुमच्या नाही. कायद्याने ती माहिती मुलाची असते, तुम्ही पैसे भरत असलात तरी. जूनमध्ये मुलाला शेजारी बसवून बिलिंग पोर्टलवर स्वतःला अधिकृत वापरकर्ता म्हणून जोडून घ्या, आणि अठरा पूर्ण झाली असतील तर वैद्यकीय माहितीच्या परवानगीचा फॉर्मही त्याच बैठकीत सही करून घ्या.